कोळणीच्या धंद्याचा पुरावा कुठे असतो?

संशोधनाचा विषय शोधणाऱ्या मुलामुलींकडून एक वाक्य मी बरेचदा ऐकते: "आमच्या आजीने आयुष्यभर धंदा केला, घर उभं केलं, तिच्यावर लिहायला आवडेल, पण तिच्याबद्दल कागदच नाहीत." मग विषय बदलतो. कागद ज्यांच्याबद्दल आहेत त्या गिरणीमालकावर, एखाद्या संस्थेवर किंवा पुढाऱ्यावर प्रबंध होतो. आजी प्रस्तावनेतल्या ऋणनिर्देशात जाते.

आज याच अडचणीबद्दल लिहायचं आहे. त्यासाठी उदाहरण घेतलंय मुंबई उपनगरातल्या कोळणीचं: वेसावे, मढ, मनोरी, गोराई, खारदांडा इथे राहणारी आणि अंधेरी, पार्ले, मालाड, बोरिवलीच्या बाजारात बसणारी मासेविक्रेती. घरात तिचा शब्द शेवटचा असतो, पैसा तिच्या हातात असतो, आणि चाळीस-पन्नास वर्षं एकाच जागी बसून ती व्यापार करते. तरी सरकारी कागदांत तिला शोधायला गेलात तर बहुतेक ठिकाणी ती 'गृहिणी' किंवा 'अमुकची पत्नी' एवढीच सापडते.

माझं म्हणणं थोडक्यात असं: तिच्याबद्दल कागद नाहीत हे अर्धसत्य आहे. कागद आहेत, पण ते दुसऱ्याच कशाची तरी नोंद करायला बनवलेले आहेत. ते कसे बनले हे समजलं की ती दिसायला लागते. आणि हा प्रश्न फक्त आपल्या प्रबंधाचा नाही. बाजार हलवला जातो तेव्हा तिलाही हाच प्रश्न विचारला जातो: तू इथे धंदा करत होतीस याचा पुरावा काय?

आधी धंदा समजून घ्या

अर्काइव्हमध्ये जाण्याआधी धंदा कसा चालतो ते नीट समजायला हवं, नाहीतर समोर आलेला कागद ओळखताच येत नाही.

ढोबळ विभागणी सगळ्यांना माहीत असते: पुरुष मासे धरतो, बाई विकते. पण यात किमान तीन वेगळ्या बायका आहेत. पहिली, जिच्या घरची होडी आहे. तिच्याकडे स्वतःच्या होडीचा माल येतो. डिझेल, बर्फ, खलाशांचा हिस्सा वजा करून काय उरतं याचा हिशेब तिला ठेवावा लागतो. दुसरी, जिच्या घरी होडी नाही. ती पहाटे बंदरावर किंवा घाऊक बाजारात लिलावात माल उचलते, म्हणजे स्वतःचं भांडवल घालते आणि तोटा झाला तर स्वतः सोसते. तिसरी सुक्या मासळीची व्यापारीण. हिचं गणित पूर्ण वेगळं आहे.

ताज्या मासळीचा भाव तासातासाला उतरतो. सकाळी भवानी झाली की पहिल्या दोन-तीन तासांत मोठी मासळी चांगल्या भावाने काढायची, दुपारपर्यंत उरलेल्याचे वाटे करायचे, नेहमीच्या गिऱ्हाइकाला उधारी द्यायची, बर्फ किती घालायचा ते ठरवायचं. बर्फ जास्त घातला तर खर्च वाढतो, कमी घातला तर माल जातो. या सगळ्या निर्णयांची लेखी नोंद कुठेच होत नाही, पण दिवसाचा नफा त्यांच्यावरच ठरतो.

सुक्या मासळीत वेळ उलटी चालते. बोंबील मुबलक आणि स्वस्त असतो त्या महिन्यांत तो घ्यायचा, वलांडीवर वाळवायचा, जवळा खळ्यावर पसरायचा, साठवायचा, आणि पावसाळ्याच्या तोंडावर लोक बेगमी करतात तेव्हा विकायचा. म्हणजे काही महिने पैसा मालात अडकून राहतो आणि मध्येच अवकाळी पाऊस आला तर सगळं कुजतं. हा सरळसरळ साठवणुकीचा, जोखमीचा व्यापार आहे. अंधेरी पूर्वेला मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात शनिवारी सकाळी गेलात तर बोंबील, सोडे, वाकट्या, मांदेली, जवळा यांचे ढीग आणि त्यामागे बसलेल्या बायका दिसतील. त्यांच्या तोंडी हिशेबाचा वेग बघा, मग 'असंघटित क्षेत्रातील पूरक उत्पन्न' हा शब्दप्रयोग पुन्हा वापरून बघा.

आणखी एक गोष्ट म्हणजे सोनं. कोळणीच्या अंगावरचं सोनं बघून बाहेरचे लोक 'हौस' म्हणतात. प्रत्यक्षात ते बऱ्याच घरांत खेळतं भांडवल असतं. पश्चिम किनाऱ्यावर सध्या १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस मासेमारी बंद असते. या काळात आवक नाही आणि त्यातच होडीची डागडुजी, नवी जाळी, पुढच्या हंगामाची तयारी. अशा वेळी पाटल्या गहाण जातात आणि नारळी पौर्णिमेनंतर हंगाम लागला की सुटतात. होडी नवऱ्याच्या नावावर नोंदलेली असते, पण ती पाण्यात पुन्हा उतरते ती बायकोच्या दागिन्यांवर. हे वाक्य मनात ठेवा, पुढे लागेल.

एका आयुष्याची लांबी

आता एक युक्ती सांगते. एकाच बाईची पूर्ण कहाणी मिळत नसेल तर एका पिढीची चौकट आखा. समजा, एखादी बाई १९३५च्या सुमारास वेसाव्यात जन्मली. ही कोणी विशिष्ट व्यक्ती नाही, पण त्या वयाच्या कुठल्याही बाईला जे जग भेटलं ते आपल्याला तारखांसह मांडता येतं.

ती जन्मली तेव्हा वेसावे 'मुंबई' नव्हतं. मुंबई उपनगर जिल्हा १९२०मध्ये वेगळा झाला होता. बोरिवलीपर्यंतची लोकल १९२८मध्ये विजेवर धावायला लागली होती, त्यामुळे रेल्वेच्या दोन्ही बाजूंना पगारदार वस्ती वाढत होती. तिच्या आईसाठी याचा अर्थ एकच होता: गिऱ्हाईक आता चालत जाण्याच्या अंतरावर येत होतं. डोक्यावर पाटी घेऊन वेसाव्याहून अंधेरीला जायचं आणि विकून परत यायचं.

ती लग्नाच्या वयाची झाली तेव्हा, १९५०मध्ये, अंधेरी बृहन्मुंबईत आली. १९५७मध्ये हद्द आणखी सरकली आणि बोरिवली, मुलुंडही आत आले. इतिहासाच्या पुस्तकांत ही एक प्रशासकीय घटना आहे. पाटीवाल्या बाईसाठी मात्र कायदा बदलला. रस्त्यावर, बाजारात बसायला आता १८८८च्या मुंबई महानगरपालिका कायद्याखालचा परवाना लागणार होता. आई जिथे ओळखीवर बसत होती तिथे मुलगी 'अनधिकृत' ठरू शकत होती. जागा तीच, मासे तेच. बदलली ती हद्द.

पुढच्या दोन दशकांत होड्यांना इंजिनं आली आणि कोळंबी परदेशात जायला लागली. यात पैसा आला, पण सगळ्यांच्या वाट्याला सारखा नाही. निर्यातीची कोळंबी बंदरावरच व्यापारी उचलतो, ती बाईच्या पाटीत येत नाही. मालाचा सगळ्यात किमती भाग तिच्या हातातून गेला आणि अनेक बायकांच्या वाट्याला कोळंबी सोलण्याची मजुरी आली. उत्पादन वाढलं म्हणजे बाईचा धंदा वाढला असं गृहीत धरू नका. आकडे होड्यांचे आणि टनांचे असतात, विक्री कोणाच्या हातातून झाली ते त्यात नसतं.

ती चाळिशी-पन्नाशीत असताना उपनगर भरत गेलं. २०११च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ९३.५ लाख होती आणि शहर जिल्ह्याची सुमारे ३१ लाख. तिच्या आईने पाहिलेली भातशेती आणि खाजणं आता कॉलन्या होत्या. गिऱ्हाईक वाढलं, पण बसायची जागा आकसली. मासळी सुकवायच्या खळ्यांवर नजर पडली. किनाऱ्याबद्दल १९९१ आणि २०११च्या सीआरझेड अधिसूचना आल्या. बृहन्मुंबईतल्या कोळीवाड्यांचे नकाशे करून त्यांना संरक्षण द्यावं, असं २०११च्या अधिसूचनेत लिहिलं गेलं. म्हणजे कोळीवाडा कुठून कुठपर्यंत, हाच प्रश्न तोवर उघडा होता.

ती ऐंशीच्या जवळ आली तेव्हा, २०१४मध्ये, वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो सुरू झाली. तिच्या आईला ज्या अंधेरीपर्यंत पायपीट करावी लागे तिथे आता वातानुकूलित गाडी जाते. पण लोकलला जसा मालडबा असतो तसा मेट्रोला नाही. त्याच वर्षी फेरीवाल्यांसाठीचा केंद्रीय कायदाही आला, त्याकडे शेवटी येऊ.

कागद वाचायचे कसे

आता मुद्द्याचं. या आयुष्यावर सरकारने केलेल्या नोंदी एकेक करून घेऊ.

*गॅझेटिअर.* साष्टीसाठी सगळे जण ठाणे जिल्ह्याच्या १८८२च्या गॅझेटिअरकडे धावतात. तिथे माशांची, जाळ्यांची, होड्यांची नावं तपशिलाने मिळतात. ती वापराच, पण मोजत वाचा. किती ओळी पकडण्यावर आहेत आणि किती विकण्यावर? नोंद करणाऱ्याला महसूल आणि उत्पादन यांत रस होता. विक्रीबद्दलचं मौन हा त्या नजरेचा पुरावा आहे, विक्री किरकोळ होती याचा नाही. याच्या जोडीला विनजा पुणेकर यांचं 'द सोन कोळीज ऑफ बॉम्बे' हे १९५९चं पुस्तक ठेवा. आपल्या चौकटीतली बाई तेव्हा पंचविशीत होती, म्हणजे तिच्या तरुणपणाचा समाज जवळून बघितल्याचा तो अभ्यास आहे.

*जनगणना.* इथे सर्वाधिक सावध राहा. १९६१मध्ये हंगामी कामात, हंगामाच्या बऱ्याचशा काळात दिवसाला तासाभराहून जास्त नियमित काम करणाऱ्या व्यक्तीला 'कामकरी' धरलं. त्या वर्गवारीत मासेमारी तिसऱ्या गटात होती आणि व्यापार सातव्या गटात. म्हणजे एकाच घरातला नवरा तिसऱ्यात आणि बायको सातव्यात पडू शकते. 'मासेमारीवर अवलंबून लोक' म्हणून फक्त तिसरा गट उचललात तर बाई आपोआप गळते. १९७१मध्ये प्रश्न बदलला आणि व्यक्तीची 'मुख्य क्रिया' कोणती ते विचारलं गेलं. घर, स्वयंपाक आणि धंदा तिन्ही करणाऱ्या बाईच्या नावापुढे 'घरकाम' लिहिणं सोपं झालं. परिणाम असा की देशभरात कामकरी स्त्रियांचं प्रमाण दहा वर्षांत निम्म्यावर आलेलं दिसतं. एका दशकात निम्म्या बायकांनी काम सोडलं नव्हतं. प्रश्न बदलला होता. मग १९८१मध्ये 'मुख्य' आणि 'सीमांत' कामकरी असे भाग आले आणि १९९१मध्ये घरच्या शेतीतलं, धंद्यातलं बिनपगारी काम स्पष्टपणे विचारलं गेलं.

आपल्या बाईच्या बाबतीत बघा. १९६१मध्ये ती व्यापारी, १९७१मध्ये कदाचित गृहिणी, १९८१मध्ये कदाचित सीमांत. या वीस वर्षांत ती बाजारात त्याच जागी बसून होती. म्हणून जनगणनेचा तक्ता प्रबंधात टाकताना त्या वर्षी प्रगणकाने नेमकं काय विचारलं होतं ते त्याच पानावर लिहा. व्हायवाला हा प्रश्न येतोच.

*मतदारयादी.* पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या करताना सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न देता 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' अशी ओळख दिली होती. यातली बहुतेक उत्तर भारतातली होती, पण धडा आपल्यालाही लागू आहे. यादीत बाईच्या नावासमोर पुरुषाचं नाव असतं. त्यामुळे एकाच बाईचा माग काढताना माहेरचं नाव, सासरचं नाव आणि हाक मारायचं नाव, अशा तिन्ही नावांनी शोधा. गोराई, मनोरीकडच्या ख्रिस्ती कोळी घरांसाठी चर्चच्या बाप्तिस्मा आणि विवाह नोंदवह्या मोलाच्या आहेत, कारण बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं नाव असतं.

*शिधापत्रिका.* २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेसाठी घरातल्या सर्वांत ज्येष्ठ प्रौढ स्त्रीला कुटुंबप्रमुख मानलं. म्हणजे ज्या बाईने साठ वर्षं घर चालवलं तिला कागदोपत्री 'प्रमुख' व्हायला एवढी वर्षं लागली, आणि तेही धान्य घेण्यापुरतं. जुन्या शिधापत्रिका घरात असतील तर प्रमुखाचं नाव कधी बदललं ते बघा. नवरा वारला, थोरला मुलगा वेगळा झाला, अशा घटना त्या बदलातून कळतात.

*पावती.* हा माझा आवडता कागद. १९८०च्या दशकात मुंबईत फेरीवाल्यांचे खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्याच दशकात परवाना नसलेल्या विक्रेत्यांकडून महापालिका रोजचा आकार घेऊन पावती द्यायला लागली. हा आकार होता जागा अनधिकृतपणे अडवल्याचा आणि कचरा उचलण्याचा. म्हणजे पावतीची भाषा सांगते की तू इथे बसायला नको होतंस. पण त्याच कागदावर तारीख असते. बायकांनी या पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, देव्हाऱ्याखाली किंवा पत्र्याच्या डब्यात जपल्या असतील तर त्यामागे कारण आहे. एवढा नियमित, तारखेचा, सरकारी पुरावा त्यांच्याकडे दुसरा नसतो. आरोपाचा कागदच साक्ष म्हणून उभा राहतो. तुमच्या फील्डवर्कमध्ये असा डबा उघडला गेला तर एकेक पावतीचा फोटो घ्या. एक दोन नमुने घेऊन थांबू नका, कारण खरी माहिती पावत्यांमधल्या खंडात असते. कुठले महिने नाहीत? पावसाळा? बाळंतपण? दंगल?

*गहाणखत.* १९४६च्या मुंबई सावकारी कायद्याने सावकाराला परवाना आणि हिशेबाच्या वह्या सक्तीच्या केल्या. गहाणाच्या चिठ्ठ्यांवर वस्तू, वजन, रक्कम आणि तारीख असते. जूनमध्ये गहाण आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात सोडवणूक असा क्रम वर्षानुवर्षं दिसला तर तो हौसेचा किंवा कर्जबाजारीपणाचा आलेख नाही. तो धंद्याच्या भांडवलाचा ताळेबंद आहे. मघाचं वाक्य आठवा: होडी नवऱ्याच्या नावावर, उतरते बायकोच्या दागिन्यांवर.

काही बायकांचा इतिहास का मिळतो?

तुम्ही विचाराल, मग लिज्जतचा इतिहास कसा सगळ्यांना माहीत आहे? चांगला प्रश्न आहे आणि तुलना करण्यासारखा आहे.

१५ मार्च १९५९ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यांतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली. १९६१मध्ये मालाडला शाखा काढायचा प्रयत्न फसला, हेसुद्धा आपल्याला माहीत आहे. एवढा बारीक तपशील टिकला कारण १९६६मध्ये संस्था नोंदणीकृत झाली. इतिवृत्त, हिशेबतपासणी, वार्षिक आकडे सगळं आलं. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांचंही तसंच. कामगारांना डबे पुरवणाऱ्या या बायका कित्येक वर्षं होत्या, पण १९७५मध्ये प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ झालं, बँकेचं कर्ज मिळालं, आणि कर्जाबरोबर फाइल आली. फाइल आली म्हणून इतिहास आला.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्या. संस्था झाली की अर्काइव्ह होतं. आणि ज्या धंद्याचा गाभा घरच आहे, जो सासूकडून सुनेकडे किंवा आईकडून मुलीकडे जातो, त्याची संस्था होत नाही. मच्छीमारांच्या सहकारी संस्था आहेत, पण त्यांच्या कागदांचा केंद्रबिंदू होडी, डिझेल आणि बर्फ असतो. तेही वाचा, फक्त बाजारातली बाई तिथे सापडेल अशी अपेक्षा ठेवू नका.

मुलाखत घेताना

माझ्याकडून सुरुवातीला झालेली चूक सांगते म्हणजे तुमची टळेल. मी प्रश्नावली घेऊन गेले आणि पहिलाच प्रश्न 'आपला व्यवसाय?' असा होता. बाजारातून नुकत्याच आलेल्या, हाताला अजून मासळीचा वास असलेल्या आजींनी 'घरीच असते' असं सांगितलं. मी तेच लिहून घेतलं! नंतर लक्षात आलं की मी १९७१च्या प्रगणकाचंच काम केलं होतं.

आता मी व्यवसाय विचारत नाही. 'सकाळी किती वाजता उठता?', 'पहिली पाटी कोणी डोक्यावर दिली?', 'तुमच्या जागेवर आधी कोण बसायचं?' असं विचारते. शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा आहे. जागेचा वंश विचारला की धंद्याचा वंश मिळतो: सासू, तिच्या आधी तिची सासू, मध्येच एखादी विधवा नणंद. अशी तीन-चार नावं मिळाली की शंभर वर्षांजवळ जाता येतं.

साल विचारू नका, घटना विचारा. नोव्हेंबर १९४८चं वादळ, १९७४च्या मे महिन्यातला रेल्वे संप (गाड्या नाहीत म्हणजे पाटी कुठे नेणार?), १९८२चा गिरणी संप, २६ जुलै २००५चा पाऊस (सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर), २०२०ची टाळेबंदी. 'त्या वेळी धाकटा पोटात होता' असं उत्तर आलं की धाकट्याच्या शाळेच्या दाखल्यावरून वर्ष बसवता येतं. तोंडी आठवण आणि कागद असे एकमेकांना तपासतात.

आणि आवा, मावशी, आजी, त्यांना जी हाक चालते तीच मारा. दुपारी बाजार उठल्यावर जा. सकाळी गिऱ्हाईक असताना माईक पुढे केलात तर तिचं नुकसान होतं, आणि त्याचा राग योग्यच आहे.

हे सगळं कशासाठी?

२०१४च्या फेरीवाला कायद्याने सर्वेक्षण करून विक्री प्रमाणपत्र द्यायचं ठरवलं. मुंबईत सुमारे ९९ हजार अर्ज आले. या कायद्यात एक तरतूद आहे: विक्रेता वारला, कायमचा अपंग झाला किंवा आजारी पडला तर त्याच्या जागी जोडीदार किंवा अवलंबून असलेलं अपत्य मुदतीपर्यंत बसू शकतं. वाचताना ठीक वाटतं. आता कोळीवाड्यातला क्रम आठवा. सासू थकली की जागेवर सून बसते. कायद्याच्या यादीत सून नाही. नवरा आहे, जो बाजारात कधी बसलाच नाही. मुलगा आहे, जो समुद्रावर आहे किंवा नोकरीत. जिने वीस वर्षं सासूच्या शेजारी बसून भाव शिकला, गिऱ्हाईक सांभाळलं, तिला दाखवायला नातं अपुरं पडतं. हा कायदा फेरीवाल्यांच्या बाजूने केलेला होता, तरी त्यात कुटुंबाची जी कल्पना आहे ती नोकरदार घराची आहे.

ऑगस्ट २०२१मध्ये क्रॉफर्ड मार्केटजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज मंडईतला मासळी बाजार ऐरोलीला हलवण्याचं ठरलं आणि कोळी महिलांनी विरोध केला. दादरच्या घाऊक बाजारालाही ऐरोली आणि मरोळ असे पर्याय सांगितले गेले. अशा प्रत्येक वेळी टेबलाच्या पलीकडून तेच विचारलं जातं: परवाना कोणाच्या नावावर? किती वर्षांपासून? कागद? आणि अलीकडे उभ्या असलेल्या बाईकडे गहाणाच्या चिठ्ठ्या, जुन्या पावत्या, सासूचं नाव आणि शेजारणीची साक्ष असते.

म्हणून आपण जेव्हा 'या विषयावर साधनं उपलब्ध नाहीत' असं सिनॉप्सिसमध्ये लिहितो, तेव्हा टेबलाच्या पलीकडचा कर्मचारी जे म्हणतो तेच आपण म्हणत असतो. मला हे वाक्य माझ्या पहिल्या मसुद्यातून काढावं लागलं. त्या जागी मी एक तक्ता घातला: कुठला कागद, कोणी, कशासाठी केला, त्यात बाई कुठल्या नावाने येते आणि कुठल्या प्रश्नाने गळते. तो तक्ता पुढे प्रबंधाचं पहिलं प्रकरण झाला.

तुमचा विषय कोळणीचा नसेल. मुलुंडला पोळीभाजी केंद्र चालवणारी मावशी असेल, घाटकोपरला शिवणाचं दुकान काढलेली आत्या असेल, बोरिवलीला भाजीची गाडी लावणारी आजी असेल. पद्धत तीच आहे. अभिलेखागारात जाण्याआधी घरातला पत्र्याचा डबा उघडायला सांगा, त्यातला प्रत्येक कागद तारखेप्रमाणे लावा आणि मग विचारा: तुमच्या आधी इथे कोण बसायचं?

पुढच्या वेळी १९६१ आणि १९७१च्या जनगणनेचे जिल्हानिहाय तक्ते शेजारी ठेवून कसे वाचायचे ते बघू. तोवर ज्यांना जमेल त्यांनी एक जुनी शिधापत्रिका शोधून ठेवा.